एका कम्प्युटरात तीन चुली

दिनांक : बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, शुक्रवार.
स्थळ : आमच्या घराची पुढची खोली, वडनेर भोलजी.
हजर : मी; माझे सासरे (आम्ही त्यांना मामाजी म्हणतो); धाकटे दीर संजूभाऊजी; शेजारच्या शेवंताकाकू; आणि दुपारनंतर, कोणीही न बोलावता, रोहिणखेडहून नणंदबाई.
गैरहजर : माझे यजमान. (ते कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरायला वावरात गेले होते. घरात काही घडलं की ते नेमके वावरात असतात. याची मी वेगळी नोंद ठेवली आहे.)

त्या दिवशी आमच्या घरातून डेस्कटॉप हरवला. कम्प्युटर जागेवरच होता.

मी बचत गटाची बारा वर्षं सचिव होते. त्यामुळे मला याद्यांची सवय आहे आणि घरातल्यांना माझ्या याद्यांची. गावातले लोक अर्ज भरायला माझ्याकडे येतात, कारण माझ्याकडे कागद हरवत नाही अशी माझी ख्याती आहे. (ख्याती मीच पसरवली होती, पण ती खरी होती. शुक्रवारपर्यंत.) कम्प्युटरच्या वर भिंतीला मी तीन नियम लिहून लावले आहेत. एक : आलेले फोटो त्याच दिवशी कम्प्युटरवर घ्यावेत आणि मोबाईल रिकामा करावा. दोन : सगळं डेस्कटॉपवरच ठेवावं, म्हणजे समोर दिसतं. तीन : माझ्या पद्धतीत कोणीही बदल करू नये.

तिसऱ्या नियमाला पहिला धक्का दिला संजूभाऊजींनी. त्यांचं हायवेवर मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. पंपाबरोबर ते कम्प्युटरही उघडतात, आणि दोन्ही बंद होतात तेव्हा उरलेले स्क्रू एकाच डब्यात टाकतात. आमच्या कम्प्युटरची जुनी व्यवस्था गावभरच्या पेनड्राइव्हांचा संसर्ग होऊन वारली, तेव्हा भाऊजींनी त्यावर लिनक्स टाकलं.

"वहिनी, हे फुकट हाये अन् याले व्हायरस सहसा होत नाई," ते म्हणाले. "फक्त एक ठरवा. डेस्कटॉप कोणता पाह्यजे?"

"म्हणजे? डेस्कटॉप एकच असतो ना?"

भाऊजींनी स्टूल ओढलं. (ते स्टूल ओढतात तेव्हा कुकर बंद करून यावं.) त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. लिनक्स हा आतला गाभा. त्याच्यापासून निरनिराळी मंडळी आपापले वाण तयार करतात, त्यांना डिस्ट्रो म्हणायचं. आणि आपल्याला जे तोंड दिसतं, म्हणजे बटण कुठे, पट्टी कुठे, खिडकी उघडते कशी, तो डेस्कटॉप, तो निराळाच. असे डेस्कटॉप बरेच आहेत आणि प्रत्येकाचे भक्त दुसऱ्याच्या पंगतीला बसत नाहीत. डिस्ट्रो मात्र कोणाला नाही म्हणत नाही. एक स्वतः वाढते, बाकीचे कोठारात ठेवते. ज्याला हवा त्याने घ्यावा.

मामाजी खाटेवरून ऐकत होते. कपाशीत त्यांचा जन्म गेला आहे.

"समजलं," ते म्हणाले. "दुकानात बीटीच्या पिशव्या असतात तसं. एका पिशवीवर बैल, एकीवर वाघ, एकीवर पैलवान. लोकं चित्रावरून भांडतात, अन् आतली सरकी तेच काम करते."

"तसंच नाई बाबा, पण..."

"तसंच हाये बे. अन् संगं बांधावर लावाची थे बिगरबीटीची लहान पुडी येते, जे सारे गोठ्यात फेकून देतात, थेबी असंल त्याच्यात."

"हाव, तशा पुड्या कोठारात लय हायेत," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. आमच्या घरात पुडी फेकून न देता पेरणारा माणूस हाच.

भाऊजींना आवडला ग्नोम नावाचा डेस्कटॉप. त्याच्या दर्शनी भागावर काही म्हणजे काहीच नसतं, सारवलेल्या अंगणासारखं. मामाजींना पत्ते खेळायचे असतात आणि बटण डाव्या कोपऱ्यात खाली लागतं, नाहीतर त्यांचा दिवस सुरू होत नाही. मला पाहिजे होतं हलकं आणि झटपट. तर भाऊजींनी तिन्ही टाकले! मला एक्सएफसीई, आणि मामाजींना...

"बाबा, तुमच्यासाठी केडीई टाकलं."

मामाजी खाटेवर उठून बसले. "किडे? अबे वावरातले गेले नाईत अजून, अन् तू घरात कायले आणले?"

नाव कागदावर लिहून दाखवलं तरी ते शेवटपर्यंत 'किडे'च राहिलं. कम्प्युटर सुरू करताना पासवर्डाजवळ एक लहान दातेरी चाक दिसायचं. ते दाबलं की तीन नावं यायची. आपलं निवडायचं आणि आत जायचं. पासवर्ड एकच, फाईली त्याच, तोंडं तीन.

"म्हंजे घर एक अन् चुली तीन," मामाजींनी निकाल दिला, आणि संध्याकाळी हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन सांगितलं, "आमच्या घरी आता तिघांचं येगळं हाये. संजूचं येगळं, सूनबाईचं येगळं, माह्यं येगळं. रोजची कटकट मिटली." कम्प्युटर हा शब्द त्यांनी वापरला नाही. हॉटेलात ते मोजकं बोलतात.

आता शुक्रवार.

सकाळी मी यादीतलं पहिलं काम केलं : कम्प्युटर मराठी करणे. भाऊजींनी सोय दाखवून ठेवली होती. बंद करून पुन्हा सुरू केला तर यंत्राने चौकट काढली आणि विचारलं की फोल्डरांची नावंही मराठी करायची का? इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला माझ्या भाषेत काही विचारलं होतं. नाही म्हणवेना. मी होकार दाबला, यादीवर टिक केली आणि स्वयंपाकाला गेले. माझ्यामागून मामाजी पत्ते खेळून गेले, भाऊजी कोणाला तरी काहीतरी दाखवून गेले.

बारा वाजता शेवंताकाकू आल्या. काकूंचं दोन एकर रान. मुलगी दिली, मालक गेले, तेव्हापासून पेरणी, निंदण, वेचणी सगळं त्या एकट्या रेटतात. त्या वर्षी गुलाबी अळीने त्यांची बोंडं आतून पोखरली. वरून हिरवीगार, फोडलं की आत अळी आणि कापसाची पिवळी पडलेली कवडी. भाऊजींनी स्वतः वावरात जाऊन फोटो काढले होते. बोंडं, झाडं, आणि बांधावर उभ्या काकू, हातात बियाण्याची पिशवी धरून. आता पऱ्हाटी उपटून रान नांगरलेलं होतं. म्हणजे ते नुकसान आता फक्त त्या फोटोंत शिल्लक होतं.

"आज भरून देजो माय," काकू बियाण्याची ती रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "चार वाजता लाईन जाते, अन् उद्या थे घेणार नाईत म्हणतात."

"काकू, दहा मिनिटांचं काम आहे. चहा घ्या."

मी बसले. समोर सारवलेलं अंगण! एक फाईल नाही, एक फोटो नाही.

"भाऊजी!"

भाऊजी दुकानातून आले. "वहिनी, हा ग्नोम हाये, माह्यावाला. हा पुढं काई दाखवतच नाई, त्याची पद्धतच तशी. तुमच्यात जा."

मी माझ्यात गेले. रिकामं.

"मंग केडीईत पाहा."

"कशात?" काकूंनी विचारलं.

"किड्यात," मामाजींनी समजावलं.

मामाजींच्यात गेलो. रिकामं! पत्त्यांचा अर्धवट डाव तेवढा होता.

काकूंचा चेहरा उतरला. "बाई व, थ्या अळीचे फोटो होते ना," त्या हळूच म्हणाल्या. "थेच तर नसंल आत गेली?"

एरवी मी हसले असते. पण त्या खरंच विचारत होत्या. अळीने त्यांचं इतकं खाल्लं होतं की फोटो खाणं तिला जड नव्हतं.

"मोबाईलमध्ये असतील की," मी भाऊजींना म्हटलं.

भाऊजींनी भिंतीकडे बोट केलं. नियम पहिला.

इथून पुढचा अडीच तास मी लिहिते आहे तो केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून. मी आधी मामाजींना म्हटलं की पत्ते खेळताना काहीतरी दाबलं गेलं. ते म्हणाले, "मी बदामाच्या राणीशिवाय कशालेच हात लावला नाई." मग मी भाऊजींकडे वळले. एका कम्प्युटरात तीन तीन संसार कोणी सांगितले होते? भाऊजी म्हणाले की डेस्कटॉप कितीही टाकले तरी फाईलीला धक्का लागत नाही. मी म्हटलं, मग काय फाईली माहेरी गेल्या? ते म्हणाले, "तुमीच काई केलं असंल." मला! माझ्या नियमांखाली बसून! त्यांनी केडीई काढून पाहिलं, पुन्हा टाकून पाहिलं, तारा काढून खोचल्या, आणि मामाजी दर वेळी विचारत राहिले, "माह्या पत्त्याले काई झालं नाई ना?"

तीन वाजले. काकू त्या रिकाम्या पिशवीवरचं चित्र बोटाने पुसत होत्या. ते पाहिलं आणि माझा तोल गेला.

"पुरे झालं! मला तुमच्याबरोबर एकत्र नकोच. भाऊजी, तुमचं वेगळं घ्या आणि वेगळ्या खोलीत मांडा!"

दारात धप्पकन आवाज झाला. नणंदबाई उभ्या होत्या. पायाशी पडलेली पिशवी, त्यातून घरंगळणारी वांगी. रोहिणखेडहून मोताळा, मोताळ्याहून नांदुरा, तिथून वडनेर, अशा तीन गाड्या बदलून त्या आल्या होत्या.

"म्हंजे खरंच हाये थे!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्या गावात कानावर आलं का वडनेरवाल्याचं घर फुटलं, तिघांच्या तीन चुली झाल्या. मी म्हटलं, वहिनी असं करणार नाई. अन् हे पाहा! माय जाऊन दोन वर्सं नाई झाले!"

"ताई, ते डेस्कटॉपचं..."

"दांडपट्टा असो नाईतर डेस्कटॉप! वाटणी ते वाटणीच! अन् बाबाचं कोणाकडं?"

"माह्यं किड्यात," मामाजी म्हणाले.

नणंदबाईंनी हंबरडा फोडला.

त्यांना समजावायला भाऊजी उठले, पाणी आणायला मी उठले, आणि कम्प्युटरसमोर राहिले मामाजी आणि काकू. भाऊजींनी मघाशी सगळ्या फोल्डरांची रांग उघडून ठेवली होती. मामाजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोगस बियाणं ओळखण्यात त्यांचा हात तालुक्यात कोणी धरत नाही. पिशवी हातात आली की ते आधी शिवण बघतात, मग अक्षर, मग बाजूची पिशवी.

"संजू, हे इंग्रजीत काय लिवलं हाये?"

"डेस्कटॉप, बाबा," भाऊजी बहिणीला वारा घालत म्हणाले.

"अन् हे खालचं मराठीत?"

"डेस्कटॉप."

"एका नावाच्या दोन पिशव्या? मंग याच्यातली एक बोगस हाये."

भाऊजींच्या हातातला पुठ्ठा थांबला. ते गेले, इंग्रजी पिशवी उघडली, आणि काकू मधोमध दिसल्या. बांधावर उभ्या, हातात पिशवी, मागे हिरवंगार, आतून पोखरलेलं रान. सगळे फोटो, ओळीने, जसे मी लावले होते तसे.

"हाय व माय," शेवंताकाकू म्हणाल्या. "मी अजून हाये याच्यात."

भाऊजींना दोन मिनिटांत उलगडलं. नावं मराठी करताना यंत्राने मराठी नावाचं नवं, रिकामं फोल्डर केलं होतं आणि तेव्हापासून तिन्ही डेस्कटॉप इमानदारीने तेच खरं मानून चालले होते. जुनं, भरलेलं, इंग्रजी नावाचं फोल्डर शेजारी गुमान बसून होतं. ग्नोम निर्दोष, केडीई निर्दोष, एक्सएफसीई निर्दोष.

"वहिनी," भाऊजी अगदी सौम्यपणे म्हणाले, "मराठी कोणं केलं?"

"आधी अर्ज भरू," मी म्हटलं. "लाईट जाईल."

अर्ज भरला. फोटो चढताना चकरी फिरत होती तेव्हा खोलीत नणंदबाईंसकट कोणी श्वास घेतला नाही. पोचपावती छापून बाहेर आली, आणि कागद हातात घेतो न घेतो तोच लाईट गेली. काकूंनी पावतीची घडी करून पदराच्या गाठीत बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि पहिल्यांदा चहा मागितला. नणंदबाईंनी ती वांगी एकाच चुलीवर शिजवली, आणि घर एक असल्याची खात्री म्हणून आम्हा सगळ्यांना एका पंगतीत बसवून वाढलं. यजमान वावरातून बरोबर त्याच वेळी आले. "आज काई विशेष?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसाच्या कामांची यादी मी नंतर पूर्ण केली. फोटो एकाच फोल्डरात आणणे : झाले. भिंतीवरचा पहिला नियम बदलणे, फोटो दोन ठिकाणी ठेवणे : झाले. हॉटेलात जाऊन आमचं घर फुटलं नाही असं सांगणे : मामाजींवर सोपवले, त्यामुळे आता भुसावळपर्यंत माहीत झालं आहे की आमचं घर फुटून पुन्हा जुळलं.

एक काम तेवढं राहिलं. भाऊजींची माफी मागणे. ते मी विसरणार नाही, कारण यादीत लिहिलेलं आहे. यादी डेस्कटॉपवर आहे. ती कोणत्या डेस्कटॉपवर आहे हे फक्त भाऊजींना सापडतं, आणि भाऊजी म्हणतात, "शोधून देतो वहिनी, पण पह्यले थे यादीतलं काम करा."