न विचारता आणलेला नकार

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — ते आता व्हायचं नाही. थकलोय, एवढंच.

मी कुंभकोणमचा. घरात आमची जुनी तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. रोज बसनं तिरुभुवनमला जायचो. तिथल्या रेशमी साड्यांच्या एका कारखान्यात मी मॅनेजर होतो. आरुमुगम तिथला जुना विणकर. काठ, अंग, पदर — अख्खी साडी तो एकटा विणायचा. साडी मागावरून उतरली की त्याची बायको सेल्वी यायची. बाण्याच्या रेशमाच्या कांड्या घरी तीच भरून द्यायची ना. मग दोघं दोन टोकं धरून घडी घालायची. तिरुभुवनमची घडी पंख्यासारखी असते — बारीक चुण्यांची, एक टोक ओढलं की साडी सळसळत उलगडते. ती घालताना आरुमुगमचा चेहरा असा काही व्हायचा, की मी हातातलं काम सोडून बघत बसायचो.

आणि तरीही ते मीच मोडलं. कामं वाटून टाकायची टूम माझी. अंग एकानं विणायचं, पदर दुसऱ्यानं, उतरवून घडी घालायची तिसऱ्यानं. साड्या भराभर निघू लागल्या, मालकांनी पाठ थोपटली. आरुमुगमच्या वाट्याला नुसतं अंग आलं. सकाळी अंग, संध्याकाळी अंग. पूर्वी विणताना गुणगुणायचा, ते थांबलं. पुरी झालेली साडी त्याला दिसेचना — पदर सुरू व्हायच्या आत तो पुढच्या मागावर.

एके दिवशी दुपारी माझ्याकडे आला. "सार, मी अंगच विणतो. पण त्या साड्यांची घडी तरी आम्हा दोघांना घालू द्या. जेवणाच्या सुट्टीत घालू. मालकांना एवढं विचाराल?"

काय जात होतं माझं? मालक शेजारच्याच खोलीत बसायचे. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं — माझ्या वाटणीत काहीतरी चुकलंय, आणि ते एका विणकराला दिसलंय. मी गेलो नाही. दोन दिवस जाऊ दिले आणि मग — कसं सांगू? — चांगला पडलेला चेहरा करून त्याला म्हणालो, "विचारलं रे. परोपरीनं सांगून पाहिलं. नाही म्हणाले."

मालक मऊ माणूस. हो म्हणाले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आरुमुगमनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही विचारलंत, सार. दुसऱ्या कुणी एवढंही केलं नसतं."

सेल्वी त्यानंतर कारखान्यात फिरकली नाही. तो मात्र पुढची आठ वर्षं मान खाली घालून अंग विणत राहिला. गुडघे गेले तेव्हा घरी बसला.

दर पोंगलला तो माझ्याकडे येतो. विड्याच्या पानांची जुडी घेऊन. "आमच्यासाठी शब्द टाकला होतात," म्हणतो — दर वर्षी. मी काय म्हणतो? "असू दे," म्हणतो.

यंदा एकटाच आला, काठी टेकत. सेल्वी गेली, म्हणाला. मग म्हणाला, "शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची, सार. मालक नाही म्हणाले, पण सारनी विचारलं होतं, म्हणायची."

मी पानं घेतली. बायको आतून म्हणाली, "केवढा चांगला मनुष्य!" जेवण झाल्यावर तिनं त्यातलंच एक पान चुना लावून माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं.