इतर महिला

थोरल्या लेकीच्या लग्नात, ताडकळसला मंडपाच्या दारात, भावजींनी माझ्या हातात एक कागद दिला. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. मास्तर आहेत, अक्षर छान. वर लिहिलं होतं, 'वधू-आगमनाचा क्रम'. सगळ्यात पुढे बुद्धमूर्ती. मग मेणबत्त्या घेतलेल्या पाच महिला. मग वधू, तिच्या दोन्ही बाजूंना काका-काकू. मग मामा, पाहुणे मंडळी. शेवटी 'इतर महिला'.

मी माझं नाव शोधलं. वरून खाली, मग खालून वर. नव्हतं. इतर महिला म्हणजे मी.

त्या पाच जणींची पांढरी ब्लाउजं मीच शिवली होती. शिलाईवर घर चालवते. मापं घेताना, लेकीच्या शेजारी आपण, असं धरून चालले होते. एकीनंही सांगितलं नाही.

भावजींना विचारलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सासरकडचे बघायलेत. तुमी जरा मागं ऱ्हावा. दिसायला बरं दिसतंय."

काय बरं दिसतं, ते बोलले नाहीत. गरज नव्हती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

अडून बसावं तर लग्न अडणार. लेक नटून उभी. तिनं नुसतं बघितलं. आई, आज नको. मी मागे गेले. पुढे सगळ्या पाठीच पाठी. लेकीचा पदरसुद्धा दिसेना.

शेजारी माझी चुलत सासू होती. तीही विधवा. म्हणाली, "मागंच बरं बाई. फोटोवाला येत न्हाई, निवांत पान खाता येतंय. हळूहळू सवय व्हती."

त्या सवयीची मला भीती वाटली. आमच्या वराती गावच्या मधल्या रस्त्यानं जाऊ देत नसत. माझ्या बापाच्या पिढीनं तो रस्ता भांडून घेतला. भावजी दर जयंतीला हेच स्टेजवरून सांगतात. टाळ्या मीही वाजवल्यात.

सगळे खुर्च्यांवर बसल्यावर माईकवरून पुकारलं, "वधूच्या आईनं मेणबत्ती लावावी."

भावजींची बायको, माझी जाऊ, उठली.

मीही उठले. खुर्च्या सारत स्टेजवर गेले. म्हणाले, "ताई, द्या इकडं." तिनं लगेच दिली.

भावजी पुटपुटले, "तमाशा करू नका."

"तमाशा कशाचा? आईला बोलावलं, आई आली."

लग्न मोडलं नाही. पण लेकीला सासरी अजून ऐकवतात, तुझ्या आईला पुढं यायची लय हौस. लेक चार महिने माझ्याशी नीट बोलली नाही. भोगते ती, मी नाही. हे मला कळतं.

आता धाकटीला स्थळं यायलीत. परवा पाहुणे आले. चहा ओतायच्या आधी मी सांगितलं, मांडवात पोरीच्या शेजारी मी चालणार, चुलत सासूही पुढे असणार. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, बघू नंतर.

"नंतर न्हाई," मी म्हणाले. "आत्ता सांगा."

ते गेले. फोन आला नाही. धाकटी विचारते, आता? तिचं वय थांबत नाही, लोकांची तोंडंही. तिला सांगितलं, दुसरे येतील. त्यांनाही हेच विचारीन, चहाच्या आधी.