खोक्याची परीक्षा

बायको जाऊन दोन वर्षं झाली. लोक विचारतात, कशी होती. चांगली होती, एवढंच म्हणतो. नीट सांगायचं तर कारखान्यातली गोष्ट सांगावी लागते. माझी शाळा चौथीपर्यंत, बोलतो तसंच लिहिणार.

ऐंशीनंतरची ती वर्षं. अंधेरीला एमआयडीसीत औषधांच्या एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा मुकादम होतो. हाताखाली बाराएक बायका. गोळ्यांच्या स्ट्रिपा डब्यात भरायच्या, आत माहितीचा कागद घालायचा, लेबल लावायचं. नवीन बाई घ्यायची की नाही ते मी ठरवायचो. माझी परीक्षा साधी होती. गोदामातून स्ट्रिपांनी भरलेलं खोकं उचलून टेबलापर्यंत आणायचं. आणलं तर कामाला, नाही तर घरी. ही परीक्षा मीच काढली होती आणि तिचा मला अभिमान होता. अंगात दम आहे की नाही ते एका फेरीत कळतं, असं सगळ्यांना सांगायचो.

एका बाईने काम सोडलं तेव्हा बायको म्हणाली, "मी येते."

तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. दर पावलाला हात मांडीवर दाबायची, तेव्हा तो पाय उभा राहायचा. तशीच चालत ती गोरेगावचा सगळा बाजार करायची. पण मूलबाळ नाही, मी दिवसभर बाहेर. "मला चार माणसांत बसायचंय," म्हणाली. "घरात बसून वेड लागेल."

"ये. पण परीक्षा द्यावी लागेल. मुकादमाची बायको म्हणून सूट नाही."

"सूट मागितलीय कोणी?"

आली. खोकं दोन हातांनी उचलायचं असतं. तिने उचललं. मग पाऊल टाकायला हात मोकळा नाही. तिथेच उभी राहिली. खाली ठेवलं आणि एका हाताने ओढत आणायला लागली. सगळं खातं बघत होतं.

मी म्हटलं, "ओढायचं नाही, उचलायचं. जमत नसेल तर घरी जा."

स्वतःच्या बायकोला बारा बायकांसमोर हे बोललो आणि मनात म्हणत होतो, बघा, मी किती सरळ माणूस आहे. ती निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत खात्यातली सगळ्यात जुनी बाई माझ्यासमोर येऊन बसली. वर्सोव्याची कोळीण. मोठ्या साहेबालाही अरेतुरे करायची.

"काय रे मुकादमा, रोज खोकी कोण आणतं, ठाऊक आहे का तुला?"

"सगळ्या आणता. पाळीपाळीने."

बायका हसायला लागल्या.

"पाळीपाळीने म्हणे. अरे, मी आणते नि ती खिडकीजवळची आणते. बाकीच्यांनी तुझ्या परीक्षेला उचललं तेच शेवटचं. मला बारीक नंबर दिसत नाही, माझी लेबलं ती चष्मेवाली बघते. हिची कंबर धरते, हिला आम्ही वाकू देत नाही. तू फेरी मारायला आलास की सगळ्या उठून इकडेतिकडे करतो. तुला बरं वाटतं."

सात वर्षं मी त्या बायकांवर देखरेख करत होतो.

संध्याकाळी घरी हे सांगितलं. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "एका बाईला दिवसातून खोकं किती वेळा लागतं?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"आणि स्ट्रिपा भरणं?"

"दिवसभर."

"मग दिवसभराचं काम सोडून दोन वेळचं का तपासता? नवीन बाईला टेबलाला बसवा. अर्धा दिवस भरू दे. जुन्या बायकांनी तिचे डबे उघडून बघावेत. खोकं कोण आणणार ते त्यांचं त्या ठरवतील, आत्ताही ठरवतातच."

मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन ही नवी परीक्षा सांगितली. ते हसले. "बायको नापास झाली म्हणून परीक्षा वाईट काय?"

"हो साहेब. त्याआधी कळलं नाही."

"एक डबा चुकला तरी ती घरी. आणि बोलणी तुला."

तिसऱ्या दिवशी ती टेबलाला बसली. दुपारी कोळणीने तिचे डबे एकेक करून उघडले. मी दाराशी उभा.

"यात कागद नाही," कोळीण म्हणाली.

बायकोने डबा हातात घेतला. कागद स्ट्रिपेला चिकटून बसला होता. "आहे की, मावशी. माझा पाय गेलाय, तुमचे डोळे गेलेत. मला कशाला नापास करता?"

कोळीण इतकी हसली की तिला ठसका लागला. "घे रे हिला," म्हणाली.

कारखाना बंद पडेपर्यंत बायको तिथे होती. परीक्षा मात्र सगळ्यांचीच बदलली. पुढे एक मुकी मुलगी आली, एका हाताची बोटं नसलेला एक माणूस आला. दोघांनी अर्धा दिवस डबे भरले आणि राहिले. कोणी पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे, "ही पद्धत आमच्या मुकादमाने काढली." ती तिथेच चार हातांवर स्ट्रिपा भरत असायची. मी मान हलवायचो. तिने एकदाही वर बघितलं नाही, आणि घरी येऊनही कधी विषय काढला नाही.

ती पद्धत तिची होती. हे मी तिच्या देखत चारचौघांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.