थोरकिलचा प्रिंटर आणि शेवटचं कडवं

थोरकिलला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावलं की आधी बोलणी खावी लागतात, हे फ्योर्डच्या खाडीकाठच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बोलावत त्यालाच. कारण प्रिंटर घेऊन शहरातल्या दुकानात गेलं तर तिथला माणूस यंत्राकडे न बघताच म्हणायचा, नवीन घ्या. थोरकिल मात्र यंत्राकडे बघायचा, मग मालकाकडे बघायचा, आणि दोष बहुतेक वेळा मालकाच्या पदरात टाकायचा.

त्याची उभी हयात गावच्या डेअरीतली यंत्रं सांभाळण्यात गेली होती. ज्या नळीतून पातळ काहीतरी वाहतं ती वापरली नाही की तुंबते, एवढं एकच शहाणपण त्याने तिथून आणलं होतं, आणि घरगुती प्रिंटरला तेवढं पुष्कळ पुरायचं. छपाईत पांढऱ्या रेघा येतात? शाई वाळलीय. शाई फवारणारं हेड साफ करण्याचं बटण दाब, पण एकदा-दोनदाच; दहादा दाबलंस तर सगळी शाई साफसफाईतच जाईल. कागद अडकतो? मागचं झाकण उघड आणि कागद सरळ ओढ, तिरका ओढलास तर तुकडा आतच राहणार. डुकरं पाळणाऱ्या प्रेबेनचा कोरा करकरीत प्रिंटर कोरेच कागद बाहेर टाकत होता. थोरकिलने शाईची डबी काढून बघितली, तर खालची पिवळी चिकटपट्टी जशीच्या तशी.

"प्रेबेन, बाटलीचं बूच काढल्याशिवाय बिअर पितोस का रे तू?"

"नाही."

"मग या बिचाऱ्याने कशी प्यावी?"

प्रेबेन हसला आणि त्याने कॉफी ओतली. थोरकिलची फी म्हणजे कॉफी, आणि बेकरीतलं ताजं काही असेल तर सोबत तेही.

ज्या घरी जाई तिथे तो दोन गोष्टी बजावून येई. पहिली, दर रविवारी एक रंगीत पान छापा, काहीही छापा, पण छापा. दुसरी, छापलेलं पान बाहेर आलं नाही तर यंत्राला हात लावायच्या आधी पडद्यावरचं नाव वाचा. पान कुठल्या प्रिंटरकडे पाठवलंय ते आधी बघा. निम्म्या गावाची तक्रार त्या नावापाशीच मिटते, असं तो म्हणे. हे सांगताना त्याच्या आवाजात जी तुच्छता असे, ती सहन करण्यापुरती माणसं त्याच्यावर माया करत होती.

माया दाखवणं मात्र थोरकिलला कधी जमलं नाही. ते काम बायकोकडे होतं. बोडिल गाणी रचायची. त्या गावात कुणाचा वाढदिवस असो, लग्न असो, लग्नाचा रौप्यमहोत्सव असो, ओळखीच्या चालीवर नवं गाणं बांधायचं, त्यात उत्सवमूर्तीची यथेच्छ टिंगल करायची, शेवटच्या कडव्यात मनातलं बोलायचं, आणि सगळ्यांच्या हातात छापील पान देऊन एकसुरात गायचं. उत्सवमूर्तीला तोवर त्याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. बोडिल रचायची, थोरकिल छापायचा. टिंगलीच्या ओळी ती त्याला विचारून घ्यायची. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटचं कडवं ती एकटी लिहायची.

बोडिल दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या अंत्यविधीची पानं छापली आणि थोरकिलने प्रिंटरवर चहाचा टॉवेल टाकला. गावाला दर रविवारी पान छापायला सांगणाऱ्या माणसाने त्यानंतर स्वतःच्या घरी एकही पान छापलं नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारचा आयलिफ रोज संध्याकाळी मागच्या दारावर थाप मारी. हातात झाकलेलं भांडं. आयलिफची बायको आस्ता हिने रांधलेले बटाटे, रस्सा, कधी डुकराचं मांस. आयलिफ भांडं टेबलावर ठेवी, समोर बसे, आणि थोरकिल जेवेपर्यंत हवेबद्दल चार शब्द बोले. कधी तेवढेही नाही. मग रिकामं भांडं घेऊन जाई. वसंत आला तसा थोरकिल स्वतः रांधायला लागला आणि हे थांबलं. त्याबद्दल थोरकिलने एका शब्दानेही आभार मानले नव्हते. आधी सुचलं नाही, मग उशीर झाला, आणि मग इतका उशीर झाला की म्हणायचीच लाज वाटायला लागली. ही गोष्ट त्याला सलत होती, बुटात शिरलेल्या खड्यासारखी.

आता आयलिफ आणि आस्ताच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. गल्लीतली सगळी व्यवस्था बघणारी हेडविग थोरकिलच्या दारात उभी राहिली.

"गाणं तू लिहायचंस."

"मी? मला कुठे येतं?"

"टिंगल येते ना? रोज फुकट करतोस, एकदा यमक जुळवून कर. शनिवारी पहाटे त्यांच्या दारात गायचंय, पानं हवीत सगळ्या गल्लीपुरती."

थोरकिलने तक्रार केली, पण बसला लिहायला. टिंगल भराभर आली. आयलिफने गाडी मागे घेताना पाद्रीबाईंचं कुंपण पाडलं ते, ईल मासा पकडायला गेला आणि स्वतःच फ्योर्डमध्ये पडला ते, आस्ताने त्याला घरात घेण्याआधी अंगणातच पाइपने धुतलं ते. मग शेवटचं कडवं. ते त्याने किती वेळा खोडलं याला गणती नाही. अखेर जे राहिलं ते असं होतं:

*बोडिल गेली, हिवाळा आला, चूल माझी गार,*
*रोज सांजेला थाप पडली, उघडलं मागलं दार.*
*बटाटे होते, रस्सा होता, बोलणं नव्हतं फार,*
*आस्ता, आयलिफ, तेव्हा राहिलं, आज म्हणतो: आभार.*

त्याने ते वाचलं आणि त्याचे कान तापले. पण राहू दिलं. वर दोघांच्या लग्नातला फोटो रंगवून टाकला, आणि शुक्रवारी सकाळी प्रिंटरवरचा टॉवेल काढला.

पान पाठवलं. काही नाही. पुन्हा पाठवलं. यंत्र गप्प. थोरकिलला नवल वाटलं नाही. दोन वर्षं उपाशी ठेवलेलं यंत्र रुसणारच. त्याने यंत्रावरचंच बटण दाबून त्याचं चाचणीचं पान काढलं. ते बाहेर आलं, पण काळ्या रंगात चाळणीएवढी भोकं आणि निळा तर बेपत्ता. म्हणजे शाई वाळली होती, त्याने गावभर सांगितलं होतं तसंच. त्याने हेड साफ करायला लावलं, थोडा वेळ थांबला, पुन्हा लावलं. डब्या काढल्या, कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्यावर त्यांची तोंडं टेकवून ठेवली, शाईचा डाग फडक्यावर नीट उमटेपर्यंत. मधे मधे संगणकावरून पान पाठवून बघायचा. ते काही येईना. चाचणीचं पान मात्र दर वेळी थोडं बरं दिसत होतं.

कुंपणापलीकडून आयलिफने डोकं वर काढलं. "काय रे, सकाळपासून बोटं काळीनिळी करून काय चाललंय?"

"तुला काय करायचंय? जा, उद्या म्हातारा व्हायचंय तुला, झोप काढ जा."

आयलिफ गेला. दुपारी आस्ता सुपाचं भांडं घेऊन आली, कित्येक महिन्यांनी. तिचे डोळे लाल होते.

"काय झालं गं?"

"वारा आहे बाहेर," आस्ता म्हणाली. भांडं ठेवून उगाचच त्याच्या दंडावर हात दाबून गेली. थोरकिलने खिडकीतून बघितलं. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. पण त्याचं लक्ष यंत्रात होतं.

सूप पिताना त्याने गाणं पुन्हा वाचलं आणि त्याचा धीर सुटला. हे कडवं उद्या सगळी गल्ली मोठ्याने गाणार. प्रेबेन गाणार. आणि तो, थोरकिल, मधे उभा. लोक म्हणतील, म्हातारा हळवा झाला. शिवाय त्या एका कडव्यापायी गाणं दुसऱ्या पानावर जात होतं. केवढा कागद वाया. कागदाचं कारण मिळालं तसं त्याला बरं वाटलं. त्याने कडवं पुसलं. स्वतःला भित्रा म्हणाला, पण पुसलं.

मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, प्रिंटर यादीतून काढून नव्याने जोडला, आणि या वेळी यंत्र खाकरलं, घरघरलं, आणि एकामागून एक पानं टाकायला लागलं. फोटोतल्या आस्ताचे गाल गुलाबी, आकाश निळं. थोरकिल खुश झाला. आधी का येत नव्हतं याचा विचार त्याने केला नाही. मिटली ना कटकट, झालं.

संध्याकाळी सगळ्या गल्लीने मिळून आयलिफच्या दाराला फर झाडाच्या हिरव्या फांद्यांची कमान बांधली. हातोड्यांचा ठणठणाट चालू होता आणि आतली दोघं रीतीप्रमाणे काहीच ऐकू न आल्याचं सोंग घेऊन बसली होती.

शनिवारी सूर्य नुकताच वर आला तेव्हा सगळे कमानीसमोर जमले. प्रेबेनने तुतारी आणली होती. हेडविगने पानं वाटली. दार उघडलं आणि आयलिफ-आस्ता घरातल्या गाउनमध्ये, झोपेतून उठल्याचा आव आणत, पायरीवर आली. आस्ताचे केस मात्र झोपेतून उठल्यासारखे मुळीच नव्हते.

गाणं जोरात झालं. पाद्रीबाईंच्या कुंपणाला हशा पिकला, ईलला त्याहून जास्त. आयलिफ प्रत्येक ओळ पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा पोट धरून हसत होता, आणि थोरकिलला एकदा वाटून गेलं की हा ओळ संपायच्या आधीच हसतोय. गाणं संपलं. हेडविगने हुर्रेसाठी हात वर केला.

"थांबा," आयलिफ म्हणाला. "एक कडवं राहिलंय."

"कुठलं कडवं?" हेडविग म्हणाली. "पान संपलं की."

आयलिफने गाउनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. उलगडला तेव्हा थोरकिलला वरचा फोटो दिसला. त्यात आस्ता, आयलिफ आणि आकाश, सगळंच लालपिवळं होतं. निळी शाई संपलेला प्रिंटर असाच छापतो. आणि गल्लीत निळी शाई संपलेला प्रिंटर कुणाकडे होता, हे थोरकिलला पक्कं माहीत होतं, कारण डबी बदल म्हणून त्याने आयलिफला दोनदा झापलं होतं.

मग त्याला सगळंच समजलं. दोन्ही घरांत इंटरनेट एकच होतं. मधे एक कुंपण, तर दोन बिलं कशाला, असं बोडिल आणि आस्ताने ठरवलं होतं. या वसंतात आयलिफचा नवा प्रिंटर त्यानेच बसवून दिला होता, आणि चाचणीसाठी स्वतःच्या संगणकाला जोडला होता. तो तिथे मुख्य प्रिंटर म्हणून तसाच राहिला होता, काल स्वतःचा नव्याने जोडेपर्यंत. काल दुपारपर्यंत पाठवलेलं प्रत्येक पान कुंपणापलीकडे छापलं जात होतं, कडव्यासकट. आणि त्याने, गावाला नाव वाचायला शिकवणाऱ्याने, पडद्यावरचं नाव एकदाही वाचलं नव्हतं.

"काल सकाळपासून आमच्याकडे येतंय हे," आयलिफ म्हणाला. "ट्रे रिकामा झाला, तरी यंत्र अजून कागद मागत होतं. आम्ही म्हटलं, एवढं आग्रहाने सांगतोय तर वाचावंच."

आयलिफने गायला सुरुवात केली. त्याचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी, पण आस्ताने सूर धरला. बाकीच्यांच्या पानावर ते कडवं नव्हतं, त्यामुळे सगळे नुसते ऐकत होते. चूल, मागलं दार, बटाटे, रस्सा. तिसरी ओळ संपली आणि आयलिफ थांबला. पायरी उतरून आला, कागद थोरकिलसमोर धरला.

"शेवटची ओळ तुझी आहे. ती आम्ही कशी म्हणणार?"

थोरकिलने कागद घेतला. अक्षरं नीट दिसेनात. "निळी डबी बदल म्हणून सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

"बदलू रे," आस्ता पायरीवरून म्हणाली. "आधी ओळ."

सगळी गल्ली वाट बघत होती. प्रेबेनने तुतारी खाली धरली होती. गायला थोरकिलला येत नव्हतंच. त्याने कागदावरून नजर काढली, आधी आस्ताकडे बघितलं, मग आयलिफकडे.

"आस्ता, आयलिफ," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तेव्हा राहिलं. आज म्हणतो. आभार."