वाकवलेली पाती

विमानाच्या इंजिनात पुढच्या बाजूला छोट्या पात्यांच्या रांगाच्या रांगा असतात. त्या हवा आत ओढतात आणि दाबत दाबत मागे ढकलतात. हवेला जायचं असतं कमी दाबाकडे, आणि ही पाती तिला जास्त दाबाकडे रेटत असतात. त्यामुळे पात्याच्या पाठीवरून जाताना ती थकते आणि मधेच पाठ सोडून देते. तसं झालं की इंजिनाचा दम कोंडतो. हवा पाठ सोडणार नाही असं पातं बेतणं, हेच माझ्या सरांचं काम होतं. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांची सगळी नोकरी त्यात गेली.

मी अकोल्याची. त्यांच्याकडे पीएचडीला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते आणि काचबिंदूनं त्यांची नजर कडेनं कमी होत चालली होती. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः उभारलेला विंड टनेल होता. लांबोडकी लाकडी पेटी, एका टोकाला मोठा पंखा, दुसऱ्या टोकाला काचेच्या खिडकीमागे पात्यांची रांग. पात्यांच्या पाठीवर आम्ही शिवणाचे बारीक धागे चिकटवायचो. हवा नीट वाहत असेल तर धागे अंगाला लागून राहत. तिनं पाठ सोडली की ते उठून उलटे फडफडत. पातं जिथे भिंतीला चिकटलेलं असतं त्या कोपऱ्यात, मुळाशी, ते कायम फडफडत. सरांना खात्री होती की पातं दोन्ही टोकांना थोडं वाकवलं तर हा कोपरा शांत होईल. ते किती आणि कुठून वाकवायचं, यावर आमची वर्षं गेली.

मधल्या काळात मेकॅनिकलला मुलं येणं थांबलं. वर्ग रिकामे राहू लागले, आणि मॅनेजमेंटनं कळवलं की प्रयोगशाळेची जागा कॉम्प्युटरच्या शाखेला द्यायची आहे. सर तोवर निवृत्त होऊन परतवाड्याला राहायला गेले होते. वाकवलेल्या पात्यांचा शेवटचा संच तेवढ्यात पुण्याहून थ्रीडी प्रिंटरवर छापून आला. मी फोन केला. जागा सोडायच्या आदल्या दिवशी सर त्यांच्या पत्नीचा, आमच्या काकूंचा, हात धरून बसनं आले. त्यांना आता समोरचं माणूसही आवाजावरूनच कळत होतं. त्यांनी पाती हातात घेतली, अंगठ्यानं प्रत्येकाचा बाक तपासला आणि मग मला बसवायला दिली. काकू बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मी पंखा सुरू केला. सर खिडकीजवळच्या स्टुलावर बसले, काचेवर हात ठेवून.

"काय करून राह्यले धागे?" त्यांनी विचारलं.

मुळाशी धागे गप्प होते. इतक्या वर्षांत मी ते तसे कधी पाहिले नव्हते. मी सांगितलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं सोडून मी पुन्हा मुळाचंच सांगू लागले. ते त्यांना जाणवलं असावं.

"अन् मधात?"

मी खिडकीची काच पुसू लागले.

"खरं सांग. मले बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"मधात उठून राह्यले, सर. सगळेच."

मी पात्यांचा कोन कमी केला, पुन्हा वाढवला, हवेचा वेग बदलून पाहिला. दाबाचे आकडेही तेच सांगत होते. वाकवून टोकांवरचा हवेचा भार काढला, तर तो पात्याच्या मध्यावर जाऊन बसला होता. दाबाचं नुकसान साध्या सरळ पात्यापेक्षा जास्तच होतं. दुपारपर्यंत आम्ही करत राहिलो. मग सर म्हणाले, बंद कर. पंख्याची घरघर पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी काचेवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या माणसांनी पंखा उचलून नेला. लाकडी पेटी दारातून निघेना, म्हणून तिथेच फोडली.

सर त्याच उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, असं फोनवर कळलं. मी अकोल्याहून परतवाड्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात नातेवाईक होते. काकूंनी मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या प्रवासाची चौकशी केली. मग त्या म्हणाल्या की शेवटचे दिवस ते समाधानात होते.

"त्या दिवशी बसमधी बसल्याबरोबर म्हणले, जमलं. मी म्हणलं, चाला, एवढी वर्षं कामी आली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमलं होतं ना?"

माझ्याकडून खरं वदवून घेणारा माणूस बसच्या खिडकीशी बसून हे बोलला होता. परतवाडा येईपर्यंत त्यानं आणखी काय काय रचून सांगितलं असेल, कोण जाणे.

"हो काकू," मी म्हणाले. "मुळाशी जमलं होतं."

मुळाशी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि चहा ठेवायला उठल्या.

प्रबंधात मी जे घडलं तेच लिहिलं: हवेचा एवढा भार असेल तर पाती वाकवून उपयोग होत नाही. परीक्षकांनी काम चांगलं म्हटलं आणि पदवी दिली. मी आता अकोल्यात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. पात्यांबद्दल कुणी विचारत नाही. काकूंचा मात्र दिवाळीला फोन येतो, आणि बोलता बोलता त्या शेजारच्या कुणाला तरी सांगतात की ही सरांची विद्यार्थिनी, हिच्याच समोर त्यांचं काम तडीला गेलं. मी ऐकून घेते.