जावळासाठी शिवलेली पँट

देवगाव फाट्यावरच्या मुंजाजीच्या पंक्चरच्या दुकानाला पाटी नव्हती. होती ती कधीचीच वाऱ्यानं नेली. पण गेल्या काही दिवसांपासून पाटीची गरजही उरली नव्हती. कुणी विचारलं की समोरचा चहावाला नुसतं बोट करायचा, "ते काय, टायरात पोरगी बसलीय ना, तेच."

टायर ट्रॅक्टरचं, मागचं, आडवं टाकलेलं. आत गोधडी. त्यात मुंजाजीची भाची भक्ती बसायची. वय वर्षं अडीच, पण थाट तहसीलदाराचा. कुठलीही गाडी थांबली की ती विचारायची, "हवा? हवा?" ड्रायव्हरनं मान हलवली की मागं वळून हुकूम सोडायची, "मामा, हवा!" आणि चौतीस वर्षांचा मुंजाजी, ज्याला बायकोनं चार वेळा हाक मारली तरी ऐकू जायची नाही, तो पहिल्या हाकेला उठायचा.

भक्तीची आई म्हणजे मुंजाजीची धाकटी बहीण प्रियंका. ती परभणीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. नवरा रामप्रसाद कामाच्या शोधात, सासू खुब्याचं हाड मोडून खाटेवर. म्हणून मागच्या दिवाळीत प्रियंकानं लेकीला माहेरी आणून सोडलं. "दादा, चार महिने सांभाळ," म्हणाली होती. चार महिन्यांचे बारा कधी झाले, हे कुणी विचारलं नाही. मुंजाजीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको दैवशाला वरवर कुरकुरायची, "मलाच हाय का सगळं?" आणि भक्तीला दुसऱ्या कुणी भरवू लागलं की घास हातातून काढून घ्यायची. आश्विनात सोयाबीन काढायला आली, दैवशाला आणि मुंजाजीची आई कमलबाई दोघी दोन एकराच्या तुकड्यात अडकल्या, तशी भक्तीची ड्यूटी दुकानात लागली.

भक्तीचं जावळ अजून उतरवलं नव्हतं. आज सासूचं हाड, उद्या प्रियंकाची परीक्षा, असं करत राहून गेलं होतं. जन्मापासूनच्या केसांना कात्री लागली नव्हती आणि ते आता कमरेपर्यंत आले होते. पहिली कात्री लागायची ती मामाच्या मांडीवर, ही रीत. आणि प्रियंकाला सख्खा भाऊ एकच. त्यामुळे मुंजाजीच्या हिशोबी ती मांडी त्याची, हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं.

त्या केसांसाठी त्यानं काय काय केलं, हे फाट्यावर कुणालाही विचारा. श्रावणात एकदा, मामीसोबत दुकानात आलेली असताना, भक्तीनं पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब उघडून डोक्यावर दाबली. डोळे पांढरे व्हावेत असा प्रकार झाला. अर्धं डोकं चिकटून त्याचा एक गोळा. शेजारच्या सलूनवाल्या सूर्यभाननं लगेच कात्री काढली.

"दे हिकडं. एका मिनटाचं काम हाय."

"हात लावशील तर बघ," मुंजाजी म्हणाला. "जावळ हाय ते."

"अरे, एवढा गोळा तर कापू दे. जावळाला का सोल्युशन चालतंय?"

मुंजाजीनं दुकान बंद केलं. दोन दिवस खोबरेल तेल घेऊन तो एकेक केस सोडवत बसला. ट्रॅक्टरवाले येऊन शिव्या देऊन गेले. भक्ती दोन दिवसांत अकरा बिस्किटाचे पुडे खाऊन राहिली. पण कात्री लागू दिली नाही म्हणजे नाही.

तारीखही ठरली होती. कोजागिरीनंतरच्या रविवारी, रामप्रसादच्या कुळाच्या देवीपुढं. मुंजाजीनं सेलूहून पिवळा फ्रॉक आणला, चांदीचे वाळे आणले, बहिणीला साडी आणली. आणि स्वतःला पँट शिवली. आता जावळ भाचीचं, पँट कशाला, असा प्रश्न टेलरलाही पडला होता.

"माझ्या सगळ्या पँटी मांडीवर काळ्या झाल्यात," मुंजाजीनं समजावलं. "लेकरू बसायचं हाय तिथं. अन् मांडीत जरा ढिली ठिव. मांडी घालून बसावं लागंल."

टेलरनं एवढी ढिली ठेवली की दैवशाला म्हणाली, "अवो, हिच्यात भक्तीसंगं आमी बी बसू."

पुढं तालीम सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मुंजाजी दुकानापुढं मांडी घालायचा, भक्तीला घ्यायचा, आणि सूर्यभान तिच्या डोक्यावरून, केसाला न लावता, हवेत कात्री वाजवायचा. कचकच, कचकच. पहिल्या दिवशी तिनं गाव डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी हसली. दहाव्या दिवशी ती स्वतःच येऊन मांडीत बसायची, हात जोडायची, मान खाली घालायची आणि म्हणायची, "कचकच कर."

"पोरगी तयार झाली," सूर्यभान म्हणाला. "आता मामाच रडायचा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रियंका आली. "चार दिवस नेते हिला. सासूबाईला लय आठवण यायलीय." कमलबाईही सोबत निघाली, तिला परभणीला डोळे दाखवायचे होते. मुंजाजीनं एसटीत जागा धरून दिली, भक्तीच्या दोन वेण्या स्वतः घातल्या आणि कंडक्टरलाही सांगितलं की खिडकीपाशी बसलेलं लेकरू मान बाहेर काढतं, जरा ध्यान ठेवा.

चार दिवस टायर रिकामं राहिलं. गिऱ्हाइकांनी चौकशी करून करून त्याला बेजार केलं.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी एक पांढरी कार दुकानापुढं थांबली. ड्रायव्हिंगला रामप्रसाद. मुंजाजी ट्रॉलीच्या चाकाला जॅक लावत होता, तो हात पुसत उठला.

"दाजी! गाडी कुणाची?"

"योगीराजभाऊची," रामप्रसाद म्हणाला आणि आरसा पुसू लागला. आरसा स्वच्छ होता.

योगीराज म्हणजे मुंजाजीच्या चुलत्याचा मुलगा. परभणीत बियाण्यांचं मोठं दुकान, मोंढ्याच्या बाजारात गोदाम. बारा वर्षांत फाट्यावर दोनदा थांबलेला, दोन्ही वेळा पंक्चरसाठी.

मागच्या दारातून भक्ती उतरली आणि "मामा, हवा!" करत धावली. डोक्यावर लोकरीची कानटोपी, हनुवटीखाली गच्च गाठ. वर आश्विनातलं ऊन, असं की डांबर मऊ पडावं.

"ह्या उन्हात कानटोपी?"

"सर्दी झालीय तिला," प्रियंका म्हणाली.

पलीकडच्या दारातून कमलबाई उतरली आणि गाडीत वाकून चपला शोधू लागली. चपला तिच्या पायात होत्या.

भक्तीनं गाठ ओढली. ओढून सुटेना, तशी टोपीच वर सरकवून फेकून दिली. "मामा, बघ. कचकच झालं!"

डोकं तांब्यासारखं गुळगुळीत. फक्त मागं, मानेच्या वर, बोटभर जाडीची एक बट.

सूर्यभान सलूनच्या दारात आला होता. त्याच्या हातात वस्तरा आणि आत खुर्चीत अर्धा फेसाळलेला माणूस. तो काहीतरी बोलणार होता, पण मुंजाजीचं तोंड बघून गप्प राहिला. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

"कुणाच्या मांडीवर?" मुंजाजीनं विचारलं.

"दादा, आधी पाणी तरी..."

"मांडी कुणाची होती, प्रियंका?"

"आता मामाच्याच की," रामप्रसाद मधेच म्हणाला. "योगीराजभाऊ बी मामाच लागतेत."

"लागतेत ना. बारशाला आलते का?"

रामप्रसाद पुन्हा आरशाकडं वळला.

मग प्रियंकानं सांगितलं. नवरात्रात योगीराजनं रामप्रसादला गोदामावर कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, मला बहीण न्हाई, एवढा जावळाचा मान मला द्या, सगळं मी करतो. देवीपुढं मंडप टाकला, तीनशे माणूस जेवलं. "कसं न्हाई म्हणायचं, दादा?"

"तोंडानं म्हणायचं."

"ह्यांचं काम नुकतंच लागलंय."

"मग मला एक फोन करायचा."

"तू न्हाई म्हणला असतास."

"म्हणलोच असतो."

"म्हणून तर न्हाई केला," प्रियंका म्हणाली. खरं बोलल्यावर माणसाला जरा हलकं वाटतं, तसं तिला वाटलं. मुंजाजीला वाटलं नाही.

तो थोडा वेळ पाना हातात फिरवत राहिला. मग हळूच, काहीतरी आपल्या बाजूचं निघेल अशा आशेनं म्हणाला, "लय रडली आसंल."

प्रियंकाला वाटलं, चला, विषय सुटला. तिचा चेहरा खुलला. "अजाबात न्हाई! इतकी शानी बसली म्हणून सांगू. हात जोडले, मान खाली घातली, केस पडेपर्यंत हाललीसुद्धा न्हाई. सगळे म्हणायले, कुणी शिकवलं हिला एवढं!"

सूर्यभान आत गेला. आतल्या माणसाचा फेस वाळला होता.

तेवढ्यात दैवशाला शेतातून भाकरी घेऊन आली. तिनं आधी भक्तीचं डोकं बघितलं, मग नणंदेकडं, मग पुन्हा भक्तीकडं. आणि जे मुंजाजीच्या ध्यानात आलं नव्हतं ते तिच्या आलं.

"हा पिवळा फ्रॉक तर पेटीत होता."

प्रियंका भक्तीची टोपी उचलायला वाकली.

"पेटीला कुलूप होतं," दैवशाला म्हणाली. "मी लावलेलं. अन् किल्ली सासूबाईच्या कमरंला."

मुंजाजी आईकडं वळला. बहिणीचं त्याला लागलं होतं, पण बहीण परक्या घरी गेलेली, नवऱ्याच्या पोटापाण्यात अडकलेली; रात्रभर कूस बदलून ते कुठंतरी बसवता आलं असतं. आई रोज त्याच्याच ताटात वाढत होती. दसऱ्याच्या दिवशी त्यानं ती ढिली पँट घालून दाखवली, तेव्हा "शोभतीय बाबा" म्हणाली होती. म्हणजे तेव्हा किल्ली फिरवून झालेली होती.

"माय, तुला आधीच ठावं होतं?"

"जावयाचं काम लागत व्हतं, बाबा," कमलबाई म्हणाली. "फ्रॉक तरी तुझा घालावा म्हणलं. तेवढं तरी तुझं."

"डोळे दाखवले का न्हाई मग?"

कमलबाईनं पदर तोंडाला लावला.

प्रियंका पुढं झाली. "दादा, ती मागची बट बघ. तुझ्यासाठी ठेवलीय. मी भांडून ठेवलीय. योगीदादा म्हणत होता, सगळंच काढा. तू मांडीवर घे, सूर्यभानदादा हायेतच, आत्ता काढू. तुझा बी मान होईल."

सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. चहावाल्यानं पाट म्हणून फळी आणून टाकली. रामप्रसादनं मोबाइल काढला. सूर्यभान कात्री घेऊन आला, पण नेहमीसारखी वाजवत आला नाही. मुंजाजी कुणीतरी दाबून बसवावं तसा फळीवर बसला. आणि भक्ती न बोलावता त्याच्या मांडीत येऊन बसली. हात जोडले. मान खाली घातली.

"कचकच कर."

कात्री बटीपाशी आली. मुंजाजीनं बटीवर तळहात ठेवला.

"राहू दे."

"अरे, कापू का नको?" सूर्यभाननं विचारलं.

"पंगत उठल्यावर पान वाढायलीस व्हय गं मला?" तो बहिणीला म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं प्रियंका नंतर दैवशालाला फोनवर म्हणाली. तो पुढं एवढंच म्हणाला, "ज्यानं बाकीचं काढलं त्याच्याकडूनच हे बी काढून घ्या."

प्रियंका रडत गाडीत बसली. तिची परीक्षा दिवाळीनंतर होती, त्यामुळे भक्तीला ठेवून जाणं भागच होतं. साडी दैवशालानं घरून आणली आणि गाडीच्या खिडकीतून तिच्या मांडीवर टाकली. "तुमची हाय, घेऊन जा. आमच्याकडं कुणी असलं नेसत न्हाई." साडी चांगली होती, दैवशालाला शोभलीही असती.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी नवी पँट घालून दुकानात आला. पहिलंच गिऱ्हाईक ऑइल गळणारा ट्रॅक्टर होता. तो त्याखाली आडवा झाला. संध्याकाळपर्यंत पँटीचा रंग कोणता होता, हे टेलरलासुद्धा सांगता आलं नसतं.

बहिणीचा फोन तो तिसऱ्या दिवसापासून उचलू लागला. हो, न्हाई, बरी हाय, जेवली, एवढंच. आईशी मात्र बोलणं बंद. आता एका घरात, एका चुलीवर, बोलणं बंद ठेवायचं म्हणजे मधे एक माणूस लागतो. दैवशालानं साफ सांगितलं, मी तुमची निरोपाची तार न्हाई. राहता राहिली भक्ती.

"भक्ते, तुझ्या आजीला सांग, भाकर वाढ म्हणावं."

भक्ती तीन पावलं पळत जायची. "आजी, भाकल!"

"मामाला विचार, भाकरीसंगं कोरड्यास पायजे का ताक?"

भक्ती परत पळत यायची. "मामा, ताक!" ताक तिला आवडायचं, त्यामुळे त्या आठवड्यात मुंजाजीला दुसरं काही मिळालं नाही. बट मागं हलत राहायची. फाट्यावर ज्यानं त्यानं विचारलं, हे काय ठेवलंय मागं? मुंजाजी सांगायचा, उरलेलं हाय.

सहाव्या दिवशी सकाळी कमलबाई अंगणात सोयाबीनची रास पाखडत होती. मुंजाजी पाच हातांवर मोटरसायकल पुसत होता. कमलबाईनं सूप खाली ठेवलं. भक्तीला जवळ ओढलं आणि मोठ्यानं, गल्लीतल्या चार घरांना जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मामाला सांग, आजीचं चुकलं. आजी म्हणती, माझं चुकलं, बाबा."

भक्ती निघाली. मधे कोंबडी दिसली, तिच्या मागं लागली. कोंबडी कुंपणाखालून गेली, ही थांबली, सोयाबीनचे चार दाणे उचलले, एक तोंडात घातला, थुंकला. मग काम आठवलं तशी मामापाशी आली आणि उरलेले तीन दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"काय म्हणली आजी?" मुंजाजीनं विचारलं.

भक्तीनं विचार केला. "कोंबली पलाली."

पाच हातांवर कमलबाई सूप पुन्हा उचलून उभी होती. मुंजाजीनं मोटरसायकलच्या आरशात तिला बघितलं आणि फडकं त्या आरशावरच ठेवलं.

"तिला सांग," तो भक्तीला म्हणाला, "मला काय ऐकू आलं न्हाई."