रिकाम्या टाकीतलं खाद्य

आमचे मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकानामागची एकच अंधारी खोली, तेच घर. तिथे मामीने हौसेने माशांची टाकी ठेवली होती. पाणी सारखं बिघडायचं, म्हणून तिने मनी प्लांटची मुळं टाकीत सोडली. माशांच्या घाणीवर वेल फोफावली, पाणीही चांगलं राहू लागलं. मामी मला म्हणायची, "तुझ्या मामापेक्षा ही वेल बरी. घाण निस्तरते आणि वर कुरकुर करत नाही." मामा मशीनला तेल देत राहायचे.

मामी गेली. मग एकेक करत मासेही गेले. परवा मी भेटायला गेले, तर मामा रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत होते. मी घाबरले, पण तोंडातून मात्र राग निघाला. "मामा, मासे कुठायत आता?"

"नाहीत, ते मलाही दिसतं गं. पण मासे गेल्यापासून वेल पिवळी पडायला लागली होती. हे पाण्यात कुजतं, त्यावर ती तग धरते."

"मग नवे मासे आणा की."

"आता कुणाला मागे ठेवून जायचं?"

त्यांनी वेलीची एक फांदी कापून मला दिली. "बाटलीत लाव. उजेड फारसा नसला तरी चालतं तिला." मग खाद्याचा डबाही पुढे केला.

"अहो, आणि तुम्हाला?"

त्यांनी झाकण उघडून दोन चिमटी कागदावर काढून घेतल्या. "मला एवढं पुरेल."